आम्ही तो जलसा ऐकला होता



प्रत्येक गावात एखादे तरी वडीलधारे माणूस असे असते की, चार मंडळी जमली आणि गाण्याचा विषय निघाला म्हणजे ते हळूच म्हणते, "आम्ही त्यांना प्रत्यक्ष ऐकले आहे हो!" आता हे 'त्यांना' म्हणजे कोठे बालगंधर्व असतील, कोठे भीमसेन जोशी, कोठे विठाबाई नारायणगावकर. एवढे एक वाक्य तोंडून गेले की, सांगणारा बसल्या जागी ताठ होतो आणि ऐकणारी मंडळीही जरा पुढे सरकून बसतात.

आज मी ज्या ऐकणाऱ्यांविषयी बोलणार आहे, ती मंडळी ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातली आहेत. मात्र त्यांनी ऐकले ते नाट्यसंगीत नव्हे आणि लावणीही नव्हे. त्यांनी ऐकले ते विलायती रॉक संगीत. तुम्ही म्हणाल, "अहो, आमचा आणि त्या धांगडधिंग्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. पण थोडा धीर धरा. ते संगीत तुम्हांला आवडावे असा माझा मुळीच आग्रह नाही. मला सांगायचे आहे ते ऐकणाऱ्याच्या आठवणीबद्दल, आणि ती गोष्ट मुरबाडच्या भजनी मंडळाला जितकी लागू पडते तितकीच डोंबिवलीच्या रॉकप्रेमी गृहस्थांनाही लागू पडते.

आधी हे संगीत म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. 'बँड' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लग्नातला ब्रास बँड येतो. तो हा नव्हे. यात तीन-चार-पाच माणसे असतात. एक गाणारा, एक ढोलांचा संच वाजवणारा, आणि बाकीच्यांच्या हातांत विजेवर चालणाऱ्या गिटारी. या गिटारीची युक्ती शिक्षकांनी वर्गात सांगण्याजोगी आहे. गिटारीची तार पोलादी असते. तारेखाली लोहचुंबक बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. वरची तार थरथरली की चुंबकाच्या क्षेत्रात फरक पडतो आणि वेटोळ्यात विजेचा सूक्ष्म प्रवाह उत्पन्न होतो. सायकलच्या डायनामोमागचे तत्त्व तेच. तो प्रवाह यंत्राने वाढवून लाउडस्पीकरला दिला म्हणजे एका माणसाच्या बोटांची हालचाल हजारो माणसांच्या छातीत घुमते. ढोलताशाच्या पथकाजवळ उभे राहिलात म्हणजे छातीच्या पिंजऱ्यात जो दणका बसतो ना, तसाच तो.

बरे, हे संगीत ठाण्या-कल्याणच्या मध्यमवर्गीय, चाळीत वाढलेल्या मुलांपर्यंत पोचले कसे? पहिला मार्ग रेडिओचा. रेडिओ सिलोनवर इंग्रजी गाणी लागत, मुंबई आकाशवाणीवरही पाश्चात्य संगीताचे कार्यक्रम असत. घरात वडील झोपले की आवाज बारीक करून, रेडिओला कान लावून ती ऐकली जात. दुसरा मार्ग रेल्वेचा. आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ साली, रूळ कल्याणला पोचले. तेव्हापासून या पट्ट्यातल्या माणसाचा एक पाय मुंबईत आणि एक पाय घरी. नोकरी तिकडे, बिऱ्हाड इकडे. खिशात महिन्याचा पास, आणि त्या पासावर संध्याकाळचे नाटक, गाणे, व्याख्यान, जे काही मुंबईत असेल ते जायच्या खर्चाशिवाय मिळे.

त्यातही एक योग असा जुळून आला की, या मंडळींचा बहुतेक मोठा आनंद स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर होता. व्ही. टी. स्टेशन, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, तेथून दहा-बारा मिनिटे चालले की धोबीतलाव लागतो. तेथे झेवियर कॉलेजच्या मागच्या अंगाला सरकारचे एक खुले नाट्यगृह होते. त्याचे नाव रंगभवन. वर आभाळ, समोर मंच. मराठी नाटके तेथे झाली, शास्त्रीय संगीताच्या मैफली झाल्या, आणि १९७८ साली 'जॅझ यात्रा' नावाचा मोठा महोत्सव भरला तोही तेथेच. मग मार्च १९८० मध्ये लंडनहून 'द पोलीस' नावाचा तिघांचा बँड आला आणि त्याने रंगभवनात जलसा केला. तो जलसा मुंबईतल्या एका महिला संस्थेने धर्मादाय कामासाठी भरवला होता. पुढे त्या तिघांचे नाव साऱ्या जगात झाले. १९८६ पासून तेथेच स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा देशी बँडांचा महोत्सव भरू लागला. 'रॉक मशीन' नावाचा आपल्या मुंबईचाच एक बँड तेव्हा तरुणांत फार गाजत होता. त्यात महेश तिनईकर हे गिटार वाजवीत, उदय बेनेगल गात. १९९३ साली त्या बँडाने 'इंडस क्रीड' असे नवे नाव घेतले.

या पट्ट्यातल्या काही मंडळींशी मी अलीकडे मुद्दाम बसून बोललो. त्यांची नावे सांगत नाही. नावापेक्षा हकीगत महत्त्वाची.

पहिले डोंबिवलीचे एक गृहस्थ. एका कारखान्यात नकाशे काढण्याचे काम केले, आता निवृत्त आहेत. १९८० साली त्यांचे वय वीस. मी त्यांना विचारले, "तुम्ही तो 'पोलीस'चा जलसा ऐकलात. कोणती गाणी झाली?" त्यांनी दोन गाण्यांची नावे घेतली आणि थांबले. मग म्हणाले, "खरे सांगू का, गाणी मी नंतर कॅसेटवर इतक्या वेळा ऐकली, की त्या रात्री कोणते कसे म्हटले हे आता मला वेगळे काढता येत नाही. पण बाकीचे सगळे आठवते." आणि हे बाकीचे म्हणजे काय? तर तिकिटाचे पैसे दोघा मित्रांनी दोन महिने चहा बंद ठेवून जमवले, ते. घरी मित्राच्या बहिणीच्या साखरपुड्याला जातो असे सांगितले, ते. आत गेल्यावर आजूबाजूला इंग्रजी बोलणारी, उंची कपड्यांतली माणसे पाहून आपल्या चपला बाकाखाली सरकवल्या, ते. आणि पहिला ढोल वाजला तेव्हा मित्राने त्यांचे मनगट घट्ट धरले आणि शेवटपर्यंत सोडले नाही, ते.

"परत येताना," ते म्हणाले, "शेवटची गाडी गाठायला आम्ही धोबीतलावापासून धावत सुटलो. डब्यात बसलो तर कान नुसते भणभणत होते. एकमेकांचे बोलणे ऐकू येईना. मग आम्ही बोललोच नाही. ठाणे गेले, मुंब्रा गेले, डोंबिवली आली. उतरताना तो म्हणाला, 'झोपू नकोस, झोपलास तर जाईल.' आज तो मित्र नाही. चार वर्षांपूर्वी गेला. त्या रात्रीचे आता मला कोणाला विचारताही येत नाही. आहे ते माझ्याजवळच."

श्रोतेहो, या शेवटच्या वाक्याकडे जरा लक्ष द्या. एका गोष्टीचे दोन साक्षीदार होते, त्यांतला एक गेला. कागद नाही, छायाचित्र नाही. तिकिटाचा तुकडा तेवढा होता, तो घर बदलताना हरवला. आपल्याकडच्या कितीतरी मोठ्या रात्रींचे असेच झाले आहे.

आठवा, १९२१ साली मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान' झाले. बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर. टिळक स्वराज्य फंडासाठी तो प्रयोग होता, तारीख ८ जुलै. त्यानंतर तीन महिनेही झाले नाहीत तोच, ४ ऑक्टोबरला, केशवराव वारले. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. त्या दोघांनी त्या रात्री गाणे कसे रंगवले याचा पुरावा उरला तो तेथे बसलेल्यांनी लिहिलेल्या आणि सांगितलेल्या आठवणींचा. ती माणसे बोलली नसती, लिहिती झाली नसती, तर आपल्याकडे केवळ एक जाहिरात आणि एक तारीख राहिली असती.

पण आता दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आठवण ही मौल्यवान वस्तू खरी, तरी तिच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. याचे एक उदाहरण ठाण्याच्या एका गृहस्थांनी मला नकळत दिले. तेही 'पोलीस'च्या जलशाला गेले होते. ते म्हणाले, "काय पाऊस हो त्या दिवशी! वरून धो धो, आणि आम्ही रंगभवनात भिजत उभे. घरी येईपर्यंत अंगावरचा सदरा वाळला नव्हता." मी त्यांना विचारले, "महिना कोणता?" ते म्हणाले, "मार्च." आता शेतकरी बांधवांना पुढचे सांगायला नको. मुंबईत मार्च महिन्यात धो धो पाऊस कोठला? मी तसे म्हणताच ते गप्प झाले. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "मग तो पाऊस ऑगस्टातला. सहा-सात वर्षांनंतर मी 'इंडिपेंडन्स रॉक'ला गेलो होतो, तिथला. जागा तीच ना!"

हे गृहस्थ खोटे बोलत होते काय? मुळीच नाही. जागा एक, मित्र तेच, आनंदही तसाच. मनाने दोन रात्री एकाच पेटीत ठेवल्या आणि कालांतराने एका रात्रीचा सदरा दुसऱ्या रात्रीच्या अंगावर चढला. आपल्यापैकी प्रत्येकाचे असे होते. मानसशास्त्रज्ञांनी आठवणींचा बराच अभ्यास केला आहे. त्यांना असे आढळले की, उतारवयातल्या माणसाला दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या गोष्टी इतर काळापेक्षा अधिक आठवतात. पण एखादी गोष्ट पुष्कळ आठवते म्हणजे ती बिनचूक आठवते, असे नाही. जितक्या वेळा आपण ती सांगतो तितक्या वेळा तिच्यावर थोडे नवे लिंपण चढते, मातीच्या भिंतीवर चढते तसे.

याहून मोठी गंमत आहे. 'लेड झेपेलिन' नावाचा एक जगप्रसिद्ध विलायती बँड होता. त्याला आम्ही मुंबईत ऐकले असे सांगणारे लोक भेटतात. हकीगत अशी की, त्या चौघांच्या बँडाचा जाहीर जलसा मुंबईत कधी झालाच नाही. त्यांतले दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट, १९७२ साली मुंबईत येऊन गेले. त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्टुडिओत दोन गाणी ध्वनिमुद्रित केली. ती अधिकृतपणे लोकांपुढे यायला २०१५ साल उजाडावे लागले. आणि कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' नावाच्या एका लहानशा क्लबात एका रात्री ते वाजवायला उभे राहिले. क्लब लहान, माणसे थोडी. पण 'आम्ही तेथे होतो' असे म्हणणाऱ्यांची संख्या वर्षांगणिक वाढतच जाते.

हे केवळ आपल्याकडचेच आहे असे समजू नका. अमेरिकेत १९६९ सालच्या ऑगस्टमध्ये 'वुडस्टॉक' नावाचा संगीत महोत्सव एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या कुरणावर भरला होता. चार लाखांच्या आसपास माणसे जमली असे सांगतात. आपले पंडित रविशंकर तेथे भर पावसात सतार वाजवून आले. पण तेथे गेल्याचे सांगणारे सगळे खरोखरच गेले असते, तर ते कुरण पुरलेच नसते, असा विनोद तिकडेही करतात. मोठ्या गोष्टीला आपणही हजर होतो असे वाटावे, ही माणसाची स्वाभाविक इच्छा आहे. तिला हसू नये. फक्त ती ओळखावी.

आता मला तुम्हांला एक वेगळीच आठवण सांगायची आहे. ती जलशाला न गेलेल्या एका बाईंची आहे.

या बाई कल्याणच्या. शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचे थोरले भाऊ रंगभवनाच्या जलशांना जात. बाईंनाही त्या संगीताची फार आवड. भावापेक्षा गाणी यांनाच जास्त पाठ. पण कार्यक्रमाला जायचे म्हटले की आई म्हणे, "शेवटच्या गाडीने मुलीच्या जातीने यायचे? लोक काय म्हणतील?" बाई मला म्हणाल्या, "आईचे चुकत होते असेही मी म्हणत नाही. रात्री साडेबाराला गाडीत कोण असते, स्टेशनाबाहेर रिक्षा मिळते की नाही, तिला काळजी वाटणारच. पण दादा गेला की मी जागी राही. तो आला की दार मीच उघडी. आणि दारातच विचारी, 'आधी काय वाजले?' तो दमलेला असे, पण सांगे. पायऱ्यांवर बसून, आवाज न करता, बोटांनी जिन्याच्या कठड्यावर ठेका धरून सांगे. माझा जलसा तो तेवढाच."

श्रोतेहो, इतिहास लिहायला बसणारा माणूस तिकिटे किती खपली ते मोजतो. जिन्यात बसून ठेका ऐकणाऱ्या मुलीची गणती तो कोठे करणार? आणि तरी त्या काळाचे खरे चित्र तिच्या हकीगतीतच अधिक आहे. कोणाला घराबाहेर पडता येत होते, कोणाला येत नव्हते. शेवटची गाडी कोणासाठी सोय होती आणि कोणासाठी कुंपण. हे सगळे तिच्या त्या एका जिन्यात आहे.

पुढे काय झाले तेही सांगतो. १५ डिसेंबर २०१९, वार रविवार. आयर्लंडचा 'यू टू' हा बँड पहिल्यांदाच हिंदुस्थानात आला. १९८७ साली त्यांची 'द जोशुआ ट्री' ही तबकडी निघाली होती. तिला तीस वर्षे झाली म्हणून २०१७ पासून त्यांनी जगभर दौरा काढला आणि त्याचा शेवटचा जलसा नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केला. नेरूळ म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यात. २००४ साली ठाण्याहून वाशीकडे रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला तिकडे जायला मुंबईचा वळसा घ्यावा लागत नाही. ठाण्याला गाडी बदलली की झाले. बाईंची मुलगी नोकरीला लागलेली. तिने दोन तिकिटे काढली आणि आईला म्हणाली, "आई, चल."

बाई गेल्या. वय साठीच्या घरात, अंगावर साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. आपले ए. आर. रेहमानही त्या रात्री त्या मंचावर आले होते. मी विचारले, "कसे वाटले?" त्या म्हणाल्या, "माणसे इतकी, की मंचावरची माणसे मुंग्यांएवढी. पण मी एक गोष्ट बारकाईने पाहत होते. मंच इतका लांब, तरी ढोलावर काठी पडलेली दिसायची आणि आवाज त्याच क्षणी कानांवर यायचा. वर्गात मी मुलांना शिकवत आले की, नदीपलीकडचा धोबी कपडा आपटताना आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. मग इथे तसे का होत नाही?"

पाहा, शिक्षकाचे मन कसे असते! बाईंनी घरी येऊन मुलीकडून त्याचे उत्तर मिळवले. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्या माणसाला आवाज पोचायला जवळजवळ सेकंदाचा तिसरा हिस्सा लागतो. म्हणून मोठ्या मैदानात मध्ये मध्ये लाउडस्पीकरचे मनोरे उभारतात, आणि त्या मनोऱ्यांतून निघणारा आवाज मुद्दाम तितकाच उशिरा सोडतात, म्हणजे मंचावरून आलेला आवाज आणि मनोऱ्याचा आवाज यांची गाठ पडते आणि प्रतिध्वनीचा गोंधळ होत नाही. मंचामागे मोठे पडदे असतात, त्यांवरचे चित्रही दूरच्या प्रेक्षकांसाठी जुळवून घेता येते. पुढच्या वर्षी विज्ञानाचा हा धडा शिकवायला माझ्याजवळ उदाहरण असते, पण मी तोवर निवृत्त झाले होते, असे बाई हसत म्हणाल्या.

मग मी विचारले, "जलसा संपल्यावर सर्वांत आधी काय केलेत?" त्या म्हणाल्या, "दादाला फोन. तो आता पुण्याला असतो. रात्र फार झाली होती, तरी त्याने उचलला. आणि त्याने मला विचारले, 'आधी काय वाजले?'"

तर असे हे ऐकणारे. आता रंगभवनाचे काय झाले ते सांगतो. सन २००० मध्ये केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाविषयी नियम केले. रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरावे, असे त्यांत होते. रंगभवनाच्या शेजारी कॉलेजही आहे आणि रुग्णालयेही आहेत. त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथले असे जलसे थांबले. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. खाटेवर पडलेल्या रोग्याला रात्री झोप हवी, हे कोणता रसिक नाकारील? पुढे 'रोलिंग स्टोन्स' हा जुना नामांकित बँड एप्रिल २००३ मध्ये आला तेव्हा ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला, आणि नंतरचे मोठे जलसे बांद्रे-कुर्ले संकुलाच्या मैदानांवर, नेरूळला, असे विखुरले. पण ज्यांच्या तरुणपणाच्या साऱ्या रात्री त्या एका मोकळ्या नाट्यगृहाशी बांधलेल्या होत्या, त्यांना आता बोट दाखवायला जागा उरली नाही. त्यांतली पुष्कळशी माणसे साठी-पासष्टी ओलांडून गेली आहेत. डोंबिवलीच्या त्या गृहस्थांसारखे अनेक जण आपापल्या गोष्टीचे शेवटचे साक्षीदार आहेत.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना एक काम द्या. घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाला विचारायचे, "तुम्ही आयुष्यात प्रत्यक्ष ऐकलेले सर्वांत मोठे गाणे कोणते?" ते रॉक असेल, कव्वाली असेल, गावच्या जत्रेतला तमाशा असेल, एखाद्या कीर्तनकाराचे आख्यान असेल, नाहीतर कल्याण गायन समाजासारख्या जुन्या संस्थेतली बैठक असेल. काहीही चालेल. आपल्या आवडीनिवडीची चाळणी तेथे लावू नये.

प्रश्न मात्र नीट विचारायला शिकवा. "कसे वाटले?" असे विचारले तर "छान वाटले" एवढेच उत्तर येते आणि वही कोरी राहते. त्यापेक्षा असे विचारावे: कोणाबरोबर गेलात? कसे गेलात, पायी, बैलगाडीने, एस. टी.ने की रेल्वेने? पैसे कोठून आणले? घरी काय सांगितले? काय खाल्ले? बसायला काय होते? परत किती वाजता आलात आणि दार कोणी उघडले? आणि हे विचारायला विसरू नका की, ज्यांना यायचे होते पण येता आले नाही, असे घरात कोण होते? या साध्या प्रश्नांनी माणूस बोलता होतो.

लिहून झाले की ताळा करावा. महिना आणि हवामान जुळते का? तेव्हा ती गाडी होती का? गावात वीज आली होती का? ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचे आहे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चे. अशा जुन्या वाचनालयांत चौकशी केली तर जुनी पुस्तके, स्मरणिका, अंक पाहायला मिळतात. तारीख चुकलेली आढळली तर मुलांनी आजोबांना खोटे पाडू नये. आजोबांचे शब्द जसेच्या तसे ठेवावेत आणि शेजारी समासात लिहावे की, पंचांगाप्रमाणे तो महिना पावसाचा नव्हता. दोन्ही राहू द्यावे. आठवणही राहील आणि ताळाही राहील. एकाने दुसऱ्याला खोडायचे कारण नाही.

शेतकरी आणि कामकरी श्रोत्यांनाही सांगतो. असे म्हणू नका की, आमच्या आठवणीत लिहिण्यासारखे काय आहे! डोंबिवलीच्या मुलाने बाकाखाली सरकवलेल्या चपला आणि कल्याणच्या मुलीने उघडलेले दार, या गोष्टी त्या दोघांनाही सांगण्याजोग्या वाटत नव्हत्या. विचारल्यावरच बाहेर आल्या. तुमच्या गावात एखाद्या रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात जे गाणे झाले, त्याची तबकडी निघालेली नसेल, वर्तमानपत्रात एक ओळही आली नसेल. ते गाणे आता केवळ तुमच्यापाशी आहे. घरातल्या शिकत्या मुलाला जवळ बसवा, वही काढायला लावा, आणि सांगायला सुरुवात करा. पहिल्या दिवशी अर्धे पानही झाले तरी पुरे आहे. वहीवर वर्ष, महिना, गावाचे नाव आणि सोबत कोण होते त्यांची नावे, एवढे मात्र आठवणीने घाला.